दगड घुमला, पुढे काय?

गिझाच्या महापिरॅमिडमध्ये वाकत-वाकत चढून ‘राजाच्या दालना’त पोहोचलेल्या पर्यटकांना गुणगुणायचा मोह आवरत नाही. खर्जातला नेमका सूर सापडला की अख्खी खोली घुमते. मग कुणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतं, ही कबर नव्हेच, हे ध्वनियंत्र! ख्रिस्तोफर डन यांनी तर 1998 मध्ये पिरॅमिडला वीजनिर्मिती केंद्र ठरवणारं पुस्तकच लिहिलं.

खोलीचं गणित मात्र साधं आहे. लांबी सुमारे 10.5 मीटर, रुंदी 5.2. भिंती, जमीन, छत, सगळं अस्वानहून नाईलमार्गे आणलेलं ग्रॅनाइट. हा दगड ध्वनी जवळजवळ शोषतच नाही. लाट समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतत राहते. रुंदीत अर्धी लाट चपखल बसते ती 33 हर्ट्झच्या आसपास, तीन अर्ध्या लाटा 99 च्या. पुरुषी खर्ज तिथेच कुठेतरी लागतो. टाइल्सच्या बाथरूममध्ये आपण सगळेच बरे गातो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे खोली घुमते हे खरं, पण घुमण्यासाठीच बांधली, हे त्यावरून ठरत नाही. छतावर ग्रॅनाइटच्या नऊ प्रचंड शिळा आहेत आणि त्यांच्या वर एकावर एक पाच बुटके कप्पे. त्यातल्या वरच्या कप्प्यांत बांधकामाच्या वेळी कामगारांच्या टोळ्यांनी रंगाने केलेल्या खुणा 1837 मध्ये सापडल्या. ज्याच्यासाठी हा पिरॅमिड बांधला, त्या खुफू राजाचं नाव त्यांत आहे. कुणी वाचावं म्हणून न लिहिलेला हा पुरावा मला कुठल्याही गुंजनापेक्षा भरवशाचा वाटतो.

आवाजावरून हेतू ताडायची खोड जुनीच. लक्सरजवळ आमेनहोटेप तिसऱ्याचे दोन बैठे पुतळे आहेत. इसवी सनपूर्व 27 च्या सुमारास भूकंपात उत्तरेकडचा तडकला आणि पहाटे त्यातून सूर निघू लागला. ग्रीकांनी तो पुतळा मेम्नॉन या वीराचा मानला. इसवी सन 130 मध्ये सम्राट हेड्रियनही ऐकायला आला. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनेही आवाज ऐकला, पण पायथ्याशी उभ्या लोकांपैकीच कुणाचा हा उद्योग असावा, अशी शंकाही नोंदवली. आज बहुतेकांचा कल भेगांतलं दव आणि सकाळचं ऊन यांच्याकडे आहे. पुढे रोमनांनी पुतळ्याची डागडुजी केली आणि सूर बंद पडला!

इजिप्तमध्ये आवाजाला मोल नव्हतं, असं मात्र नाही. खुफूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी सक्काऱ्याला उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतभर मंत्र कोरले गेले. त्यातले अनेक मोठ्याने म्हणण्यासाठीच रचलेले होते. खुफूच्या दालनातल्या भिंती मात्र कोऱ्या आहेत.