आर्केडचं कपाट आणि खोडदची दुर्बीण

घरी आर्केड गेमचं कपाट बनवणारी मुलं जॉयस्टिक निवडताना जीव टाकतात, पॉवर सप्लाय मात्र मिळेल तो घेतात. आधी बेरीज करा. गेम चालवणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला ५ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट; १२ व्होल्टचा अॅम्प्लिफायर २ अँपिअर ओढत असेल तर २४ वॅट. झाले ३९. थोडी क्षमता राखून ५० वॅटचा एसएमपीएस (स्विच-मोड पॉवर सप्लाय) घ्या, आणि ५ व्होल्टच्या बाजूला ४ अँपिअर मिळतात का, ते लेबलवर पाहा.

जुन्नर-आंबेगावकरांनी आणखी एक पाहायला हवं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशातल्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या. एसएमपीएस सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्यातून रेडिओ गोंगाट उठतो; त्या लहरी त्यात बुडू शकतात. चांगल्या सप्लायमध्ये वीज आत येते तिथेच तो अडवणारी तांब्याची गुंडाळी आणि कपॅसिटर असतात. स्वस्त मालात बऱ्याचदा गुंडाळीच्या जागी नुसता तारेचा तुकडा डाग देऊन जोडलेला असतो. शेजारी मीडियम वेव्हवर रेडिओ लावा. कपाट सुरू करताच खरखर वाढली, तर फिल्टर नाही असं समजा.

धातूच्या डब्यातला, फिल्टरवाला सप्लाय घ्या आणि अर्थिंग नक्की जोडा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.