धुराड्याची वहिवाट

भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहे या दोन तालुक्यांच्या गावी जी जुनी कौलारू घरे अद्याप उभी आहेत, त्यांपैकी कित्येकांच्या स्वयंपाकघराच्या छपरात, आढ्याच्या किंचित खाली, चुलीचा धूर निघून जावा म्हणून ठेवलेले धुराडे आजही दिसते. त्या धुराचा जाच घरातील स्त्रियांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना पुष्कळ झाला, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच धुराने वासे व रिपा कोरड्या ठेवल्या, किडीला अटकाव केला आणि चुलीवर टांगलेले बियाणे पावसाळाभर राखले, हेही तितकेच खरे. पुढे गॅसची शेगडी आली, चूल मागील दारी न्हाणीचे पाणी तापविण्यापुरती उरली, आणि धुराडे बिनकामाचे झाले. धुराचे येणेजाणे थांबले. वाऱ्याची वहिवाट मात्र चालूच राहिली.

जोवर घर उघडेवाघडे होते, तोवर या वहिवाटीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु जुन्या स्वयंपाकघराची निजण्याची खोली झाली, वर तक्तपोशी ठोकली गेली, भिंतीवर एसी बसला, आणि धुराड्याचे भोक मात्र तक्तपोशीतून तसेच राहिले, म्हणजे तीच वहिवाट विजेच्या बिलावर चढते.

थंड देशांत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. काउंट रम्फर्ड याने १७९० च्या दशकात शेकोटीच्या धुराड्याचा गळा अरुंद करून दाखविले, कारण धुराला लागते त्याहून मोठी वाट ठेवली की धुराबरोबर खोलीतील ऊबही निघून जाते. तेथे तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिला अडवायचे असते. आपल्याकडे प्रवाह नेमका उलटा. एसीने थंड केलेली हवा जड. ती जमिनीलगत साचते, दाराखालच्या फटीतून बाहेर पाझरते, आणि तिची जागा घेण्यासाठी बाहेरची उष्ण, दमट हवा धुराड्यातून खाली उतरते. या हवेची उष्णता हा दुय्यम भाग. मुख्य भार तिच्यातील बाष्पाचा. वैशाखातील आपल्या हवेच्या एका घनमीटरात, २४ अंशांवर राखलेल्या खोलीतल्यापेक्षा १० ग्रॅम बाष्प सहज अधिक असते. ताशी २५ घनमीटर हवा जरी अशी आत आली, तरी आठ तासांच्या रात्रीत २ लिटर पाणी एसीला हवेतून पिळून काढावे लागते, आणि प्रत्येक लिटरामागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचे मूळ तापमान २४ अंश असावे असा सरकारी नियम झाला. पण छपराला भोक असलेल्या घरात नियमाने काय साधावे?

परीक्षा सोपी आहे. एसी चालू करून, पंखा बंद ठेवून, पेटलेली उदबत्ती धुराड्याच्या तोंडाशी धरावी. धूर खाली दबला, आणि दाराच्या उंबऱ्याशी धरल्यावर बाहेर ओढला गेला, म्हणजे चोर सापडला. मात्र खोलीला तक्तपोशीच नसेल, तर धुराडे बुजविण्याचा खटाटोप करू नये. कौलाकौलांतून हजार वाटा मोकळ्या असता एकीला कुलूप घालणे ही निव्वळ हौस होय.

बुजविण्याची प्रचलित रीत म्हणजे जुनी गोधडी किंवा गोणपाट कोंबणे. ही रीत वाईट. आषाढात ते भिजते, कुजते आणि उंदरांना आयते घर होते. खरा बंदोबस्त दोन ठिकाणी करावा लागतो. खाली, तक्तपोशीच्या पातळीवर, लाकडी चौकटीला रबराची पट्टी लावून तीवर पाण्याने न फुगणाऱ्या प्लायवुडचे झाकण घट्ट बसवावे, आणि ते स्क्रूने असे जोडावे की तपासणीसाठी पुन्हा काढता येईल. वरचे तोंड मात्र हवाबंद करू नये. पावसाला आडोसा होईल असे पत्र्याचे टोपण घालून त्याच्या बाजू जाळीने मोकळ्या ठेवाव्यात. दोन्ही तोंडे बंद केली, तर मध्ये कोंडलेली ओल वासे खाते. शिवाय झाकण खालून गार पडते, आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब फुटतात, तसे त्याच्या वरच्या अंगाला फुटतात. म्हणून उष्णतारोधक फोमचा थर आणि बाष्प अडविणारा चकचकीत पडदा झाकणाच्या वरच्या बाजूस हवा. थंड देशांतील पुस्तके तो खोलीच्या बाजूस लावायला सांगतात. ती सूचना येथे जशीच्या तशी पाळल्यास नुकसान ठरलेले.

एक अट मात्र निरपवाद आहे. ज्या खोलीत चूल, शेगडी किंवा गॅसचा गिझर अजून पेटतो, तेथे हे काही करू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. उलट, गळलेला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे धुराड्यातून तो जातच नाही. त्याला जमिनीलगत बाहेर उघडणारी झडप लागते, आणि ती वाट धुराडे असो वा नसो, ठेवलीच पाहिजे.

कामाला योग्य काळ शाकारणीचा. कौले परतायला गडी छपरावर चढलेलाच असतो. त्याच्याकडून आधी धुराड्यात साळुंकीचे घरटे किंवा गांधीलमाश्यांचे पोळे आहे काय, ते पाहून घ्यावे, साचलेली काजळी झाडून काढावी, आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वी टोपण बसवून घ्यावे.