गव्हावरील तांबेरा

ओंब्या भरण्याच्या ऐन वेळी गव्हाच्या ताटांवर विटकरी रंगाचे फोड उमटतात व बोट लावताच तांबडी भुकटी हाताला लागते. हाच तांबेरा, हिंदीत गेरुआ. नर्मदाकाठच्या पिकांची या रोगाने झालेली दुर्दशा कर्नल स्लीमन यांनी 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वर्णिली आहे. लोक त्यास दैवी कोप मानीत. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतातील गव्हावर याच रोगाची मोठी साथ आली होती.

ती भुकटी म्हणजे एका बुरशीचे असंख्य बीजाणू होत. काळ्या तांबेऱ्याचा बीजाणू दवाने भिजलेल्या ताटावर पडला की त्यास सूक्ष्म नळीसारखा कोंब फुटतो. झाड ज्या रंध्रांतून श्वास घेते त्यांपैकीच एक गाठून तो आत शिरतो. आत त्याचे तंतू पसरतात व पेशींत शोषके खुपसून अन्न ओढून घेतात. विशेष हे की, ही बुरशी पेशींना लगेच ठार करीत नाही. जिवंत झाडावाचून तिचा निभाव लागत नाही. अनुकूल हवेत सुमारे दोन आठवड्यांत साल फाडून नवे बीजाणू बाहेर पडतात. दाण्यासाठी जमलेला रस बुरशी खाते, फाटलेल्या सालीतून पाणी उडून जाते आणि ओंबीत चिमलेले दाणे राहतात.

आता कोडे असे की, माळव्यात वैशाखात शेतात गव्हाचे एकही हिरवे ताट नसते व उन्हाच्या तापाने बीजाणू मरून जातात. मग पुढच्या हिवाळ्यात रोग येतो कोठून? युरोप-अमेरिकेत दारुहळदीच्या कुळातील एका झुडपाचा त्यास आश्रय मिळतो. अमेरिकेत तर 1918 पासून ती झुडपे उपटण्याची मोहीमच चालली. आपल्याकडे तसे नाही. आगऱ्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे खपून दाखवून दिले की, मैदानात मरणारा तांबेरा थंड डोंगरांवर जिवंत राहतो. काळा तांबेरा मुख्यतः निलगिरी-पळणीच्या डोंगरांवरील गव्हावर उन्हाळा काढतो. तेथून हजारांहून अधिक किलोमीटर वाऱ्यावर तरंगत त्याचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर मध्य भारतात उतरतात. शेजारच्या शेताला दोष देणाऱ्या शेतकऱ्यास हे कसे कळावे!

रोगास दाद न देणारे वाण हा त्यावरील मुख्य उपाय होय. परंतु बुरशीही नवनवी रूपे घेते. 1999 साली युगांडात ओळखलेल्या एका रूपाने जगातील अनेक वाण निष्प्रभ ठरविले. म्हणूनच भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने निलगिरीतच, वेलिंग्टन येथे, केंद्र ठेवले आहे. शत्रूच्या घरीच तेथे नव्या गव्हाची परीक्षा होते.