मनीप्लँटची निगा
कार्यालयांत व शाळांत खिडकीशी हमखास दिसणारा मनीप्लँट मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. त्याच्या पानांवरील पिवळसर पट्ट्यांत हरितद्रव्य अल्प असते. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पाने निव्वळ हिरवी येतात. उजेड भरपूर असावा, कडक ऊन नसावे. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. येणाराजाणारा प्रत्येकजण पाणी घालू लागला, की मुळे कुजतात.

पेरासह कापलेला वेल बाटलीतही रुजतो. मात्र त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासांची पैदास होऊ शकते. याकरिता दर आठवड्यास पाणी बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण डासांची अंडी काचेला चिकटून राहतात. पान चघळल्यास तोंडाची आग होते. अंगणवाडीत कुंडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी टांगावी.