‘नाही’ ऐकून घरी बसू नका



तूर पिकवणे आपल्या हाताला ठाऊक आहे. ती विकताना मात्र आपला माणूस अवघडतो. मोंढ्यात माल टाकला की बोलायचे काम अडत्याचे. आपण पट्टी घेऊन मोकळे. पण डाळ करून घरोघर विकायची म्हटले की बोलणे आपल्यावर येते आणि नकारही आपल्यालाच ऐकावा लागतो. त्या नकाराचे काय करावे, हे आज सांगायचे आहे.

लोहा तालुक्यातील एका जोडप्याची ही हकीकत. कोरडवाहू जमीन, थोरली मुलगी नांदेडला कॉलेजात. तिची फी निघावी म्हणून त्यांनी २ क्विंटल तुरीची डाळ करून आणली आणि किलोकिलोच्या पिशव्या भरून नांदेडच्या एका वसाहतीत नेली. दिवसभरात ५० दारे झाली. डाळ घेतली ६ घरांनी. एका बाईंनी “भेसळ तर नाही ना?” असे विचारताच दादा तडकले, “शहरातल्या लोकांना शेतकऱ्याची कदरच नाही!” झाले, त्या गल्लीत पुन्हा जायची सोय राहिली नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा पिशव्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या. “साहेब, आता नाही जायचं मी. लोकं भिकाऱ्यासारखं बघतेत,” दादा म्हणाले. गोठ्याच्या भिंतीला जुना लोखंडी नांगर टेकलेला होता. मी तिकडे बोट दाखवले. “दादा, हा नांगरसुद्धा एके काळी कोणी घेत नव्हते.”

ही गोष्ट खरी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे नांगर गावोगाव गेला. मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही काढले.

यात शिकण्याजोगे काय? शेतकऱ्यांचा समज चुकीचा होता, पण भीती खरी होती. ज्याचे पोट जमिनीवर, तो जमिनीला जपणारच. त्याच्यावर रागावून नांगर विकला गेला नसता.

ताई आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मग त्या बाईचं तरी काय चुकलं? आपुन बी बियाणं घेताना दुकानदाराला चार वेळा विचारतोच की.”

मी त्यांना एकच काम सांगितले. वही घ्या, कोणी नाही म्हटले तर का, ते लिहा. पुढच्या खेपेला वहीत तीन तऱ्हेचे नकार निघाले. काहींच्या घरात डाळ शिल्लक होती. काहींना भाव जास्त वाटला. काहींना भरवसा नव्हता: डाळ शिजेल का, वजन बरोबर असेल का, वर एक आणि खाली एक तर नसेल? यातला एकही नकार माणसाला नव्हता.

प्रत्येकाचा उपाय वेगळा निघाला. शिल्लक असलेल्यांकडे महिन्याने जायचे. भरवसा नसलेल्यांना मूठभर डाळ शिजवून बघायला द्यायची, पिशवी त्यांच्यासमोर परातीत ओतायची, शिक्क्याचा काटा सोबत ठेवायचा. खडा वा भुंगा निघाला तर वाद न घालता पैसे परत.

भावाचे उत्तर हिशेबात असते. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ होते. तुरीची मोंढ्यातील किंमत, गिरणीची भरडाई, पिशव्या, गाडीभाडे आणि स्वतःची मजुरी यांची बेरीज करा. त्यातून चुनी-भुशाची किंमत वजा करा आणि उरलेल्या रकमेला डाळीच्या किलोंनी भागा. त्या आकड्याच्या खाली यायचे नाही. हा आकडा ठाऊक असला की घासाघीस करणाऱ्यालाही हसून नाही म्हणता येते.

आणखी दोन सूचना. पहिल्या वर्षी एक-दोन क्विंटलच डाळ करा, बाकी तूर मोंढ्यात जाऊ द्या. आणि अन्न व औषध प्रशासनाकडे विक्रीची नोंदणी करून घ्या. चिकाटी म्हणजे हट्ट नव्हे. माल खराब असेल तर तो घरीच ठेवावा.

त्या वर्षी निम्मी फी डाळीतून निघाली, निम्मी मोंढ्याच्या पट्टीतून. दादा एकदा त्या गल्लीतही गेले. “त्या दिवशी माझं बोलणं चुकलं,” असे त्या बाईंना सांगून आले. बाईंनी डाळ घेतली नाही, त्यांच्या घरात होती. “दिवाळीच्या आधी या,” म्हणाल्या.

दादांनी वही काढली आणि तिथेच उभ्याने लिहून घेतले.