टाडाला एक्स्पायरी डेट होती, यूएपीएला?

नोव्हेंबर २०१९. केरळमधल्या कोझिकोडमध्ये पोलिसांनी दोन विद्यार्थ्यांना उचललं. एक लॉचा, दुसरा पत्रकारितेचा. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच. बंदी असलेल्या माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप, जप्तीत पुस्तकं आणि पत्रकं, कायदा यूएपीए. जामीन मिळाला, मग पत्रकारितावाल्याचा रद्द झाला आणि तो परत आत गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला. नुसता संबंध पुरेसा नाही, संघटनेच्या कारवाया पुढे नेण्याचा हेतू दिसायला हवा, असं कोर्टाचं म्हणणं. तोवर दोन फेऱ्यांत त्याचं दीड वर्षाहून जास्त तुरुंगात गेलं होतं.

इतका वेळ का? कलम ४३डी(५) वाचा. पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर कोर्टाने जामीन द्यायचा नाही. त्या टप्प्यावर साक्षीदारांची उलटतपासणीही नाही. शिवाय कोर्टाच्या परवानगीने आरोपपत्राविना १८० दिवस कोठडी. एरवी ही मर्यादा ६० किंवा ९० दिवस असते. हे सगळं आलं डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ नंतर महिन्याभरात. तेव्हा मुंबईत कुणालाही विचारलं असतं तरी तो ‘करा’ म्हणाला असता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नसतं. पण अशा घाईतला कायदा नंतर पुन्हा तपासणार कोण?

टाडा म्हटलं की तुम्हाला संजय दत्त आठवेल. पण १९८५ च्या त्या कायद्यात एक गोष्ट बरी होती. त्याला मुदत होती. ती वाढवायला सरकारला दर दोन वर्षांनी संसदेत यावं लागायचं. १९९५ मध्ये ती वाढलीच नाही, टाडा संपला. २००२ च्या पोटाला तीन वर्षांची मुदत होती, तो २००४ मध्येच रद्द झाला. मात्र त्याच वेळी त्यातल्या दहशतवादाच्या तरतुदी यूएपीएत आल्या. मुदत तेवढी आली नाही.

‘मग काय, दहशतवाद्यांना मोकळं सोडायचं?’ कट्ट्यावर हा प्रश्न येतोच. कसाबचं बघा. त्याला वकील मिळाला, खटला चालला, अपील सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, मग नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. एवढ्या संतापातही.

ब्रिटनमध्ये २००५ ला सरकारने आरोप न ठेवता ९० दिवस कोठडी मागितली. संसदेने नाही म्हटलं, २८ दिवस दिले, तेही दरवर्षी मंजुरी घेण्याच्या अटीवर. २०११ मध्ये ती मंजुरी घेतली गेली नाही, मर्यादा १४ दिवसांवर आली. तिथे दहशतवादविरोधी कायदे कसे वापरले जातात हे तपासायला एक स्वतंत्र परीक्षकही असतो. त्याचा अहवाल संसदेपुढे येतो.

आपल्याकडे २०१९ मध्ये यूएपीए पुन्हा संसदेत आला. एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मुदतीचं कलम तेव्हाही घातलं नाही.