जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे कंडेन्सर

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वयाचा फटका पहिल्यांदा बसतो तो पॉवर सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरना. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि द्रावणात भिजवलेला कागद, एवढीच त्यांची आतली रचना. द्रावण सुकले की क्षमता घटते आणि स्पीकरमधून घुमघुम ऐकू येते; भारतातील 50 हर्ट्झच्या विजेवर ती बहुधा 100 हर्ट्झची असते. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्रात ऑक्साइडचा थरही खराब झालेला असतो. असा कंडेन्सर शॉर्ट झाला, तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. त्यामुळे माळ्यावरून काढलेले यंत्र ‘चालते का बघू’ म्हणून थेट प्लगला लावू नये.

अमेरिकेत 1959 साली आलेल्या डायनाको एसटी-70 या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकाच पत्र्याच्या डब्यात 30, 20, 20 आणि 20 मायक्रोफॅरडचे चार कंडेन्सर आहेत. तळाशी प्रत्येक टोकाजवळ चौकोन, त्रिकोण, अर्धवर्तुळ अशा खुणा असतात. तारा सोडवण्याआधी त्या खुणांसह जोडणीचे फोटो काढून ठेवावेत. प्लग काढल्यावरही डब्यात जीवघेणे व्होल्टेज शिल्लक असू शकते. ते पाच वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवावे आणि मीटरने खात्री करावी. थोड्या वेळाने व्होल्टेज पुन्हा चढू शकते, म्हणून दुसऱ्यांदाही मोजावे.

नवा कंडेन्सर मूळ व्होल्टेजचा किंवा त्याहून अधिक व्होल्टेजचा घ्यावा. मायक्रोफॅरड वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. एसटी-70 मधल्या जीझेड34 रेक्टिफायरला पहिल्या कंडेन्सरसाठी 60 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. ती ओलांडली तर प्रत्येक वेळी सुरू करताना त्या व्हॉल्व्हला झटका बसतो.

आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला उणे व्होल्टेज देणाऱ्या बायस सप्लायमधले छोटे कंडेन्सर बरेचजण विसरतात, आणि ही चूक महागात पडते. ते निकामी झाले की आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. इथे व्होल्टेज उणे असल्याने कंडेन्सरचे अधिक टोक चासीकडे येते; सवयीने उलटे जोडले तर तो फुटू शकतो.

काम झाल्यावर यंत्र आधी सीरिज बोर्डवर, म्हणजे बल्ब मालिकेत जोडलेल्या बोर्डवर, लावावे. बल्ब सुरुवातीला उजळून नंतर मंदावला तर ठीक. भगभगीतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब मंदावला तरच यंत्र थेट विजेवर घ्यावे आणि बायस लावावा. एसटी-70 मध्ये प्रत्येक चॅनेलला 1.56 व्होल्ट मिळेपर्यंत बायसचा स्क्रू फिरवायचा असतो.